माती की अग्नी, हे आप्पांनाच विचारा

पत्र

आदरणीय पास्टर साहेब, सप्रेम सलाम.

मी मूळची भुसावळची, लग्नानंतर पुण्यात राहते. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ८१ वर्षांचे आहेत आणि रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांचे हृदय थकले आहे आणि हा पावसाळा पार पडेलच असे सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले आहे. आप्पा अमळनेर तालुक्यातल्या बोरीकाठच्या एका खेड्यातले. तरुणपणी त्यांनी प्रभूचा स्वीकार केला, पण गावाशी आणि भावांशी त्यांचे संबंध कधी तुटले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनी मला एकटीला जवळ बसवून सांगितले, "माले जाळी टाका, कोन्हाले तरास नको." राख गावच्या शेतात, बांधावरच्या निंबाखाली टाकावी असेही ते म्हणाले. माझा धाकटा भाऊ त्यांच्याजवळ राहतो. हे ऐकून तो रडला आणि म्हणाला, देह जाळला तर शेवटच्या दिवशी आप्पा उठणार कसे? मंडळीतल्या एका वडीलजनांनी सांगितले की स्मशानात पाळक येणार नाहीत. काका म्हणतात, अग्निडाग आम्ही देऊ, दशक्रिया आणि गंधमुक्तीही गावीच करू. आईचे माहेर भुसावळचेच, कॅथलिक; मावशी म्हणते, राख अशी टाकणे चर्चला मान्य नाही. आई काहीच बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली, "मग मी जाऊन बसू कुठे?" दोन वर्षांपूर्वी श्रावणात आप्पांच्या जिवलग मित्राचे दफन झाले तेव्हा कबरीत पाणी भरले होते, त्यानंतर आप्पा दफनभूमीत गेलेले नाहीत. डोळे द्यावेत असेही त्यांनी बोलून दाखवले आहे. मी काय करावे?

— एक मुलगी

उत्तर

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रात भाऊ बोलतो, काका बोलतात, मावशी बोलते, मंडळीचे वडीलजन बोलतात, आणि प्रत्येकाचे म्हणणे तुम्ही पदरचे काही न घालता लिहिले आहे. परंतु ज्यांच्या देहाविषयी हे सारे चालले आहे त्या आप्पांना "असे का म्हणता?" एवढे एक कोणी विचारल्याचे पत्रात कुठेही दिसत नाही. त्यांनी सांगितले, तुम्ही ऐकले, आणि तिथून पुढे त्या वाक्यावर घरभर वाद सुरू झाला. मी पाळक म्हणून तापी आणि गिरणेच्या खोऱ्यात पुष्कळ वर्षे सेवा केली आणि अनेक दफनविधी चालवले. त्या अनुभवावरून सांगतो, की मरणाच्या दारी असलेल्या माणसाची इच्छा आणि त्या इच्छेमागचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, आणि कारण कळल्याशिवाय इच्छा पाळणेही कठीण आणि मोडणेही कठीण.

मात्र त्याआधी तुमच्या भावाच्या भीतीविषयी बोलले पाहिजे, कारण ती दूर झाल्याशिवाय तुमच्या घरात या विषयावर शांतपणे बोलणे होणार नाही. त्याचे रडणे खरे आहे, आणि त्यामागे बापावरचे प्रेम आहे. त्याला अडाणी समजू नका. पण त्याचा प्रश्न नवा नाही. तो ख्रिस्ती मंडळीला अगदी पहिल्या शतकांतच विचारला गेला, आणि तोही शत्रूंकडून. इ. स. १७७ मध्ये गॉल देशातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लिऑन शहरात कित्येक ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना ठार मारण्यात आले. मारणाऱ्यांनी त्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत सोडली, आणि ती हेतुपूर्वक सोडली: यांना पुनरुत्थानाची आशा आहे ना, मग आता कसे उठतात ते पाहू. हा वृत्तांत इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला आहे. त्या हुतात्म्यांना पुनरुत्थानातून वगळले गेले असे मंडळीने तेव्हाही मानले नाही आणि आजही मानत नाही. स्मुर्णाचे वृद्ध बिशप, हुतात्मा पॉलिकार्प यांचा देह दुसऱ्या शतकात जाळण्यात आला, तेव्हा त्यांच्या लोकांनी उरलेली हाडे मौल्यवान रत्नांहून अधिक मोलाची समजून गोळा केली आणि योग्य जागी ठेवली. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात समुद्रानेही आपल्यातले मृत बाहेर दिले असे लिहिले आहे; समुद्रात बुडालेल्या माणसाची कबर कोणी बांधलेली नसते. ज्या देवाने मातीपासून माणूस घडवला त्याला राखेपासून तो उठवता येणार नाही असे म्हणणे म्हणजे त्याच्या सामर्थ्याला मर्यादा घालणे होय, हे तुमच्या भावाला प्रेमाने सांगा.

शक्य असेल तर त्याच्याबरोबर बसून पहिले करिंथकरांस पत्र, पंधरावा अध्याय, सावकाश वाचा. पौल तिथे बीजाचा दाखला देतो: पेरलेले मेल्याशिवाय जिवंत होत नाही, आणि जे पेरतो ते पुढे होणारे अंग नसते, तर नुसता दाणा असतो, अंग देव देतो. खानदेशच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. मृगाचा पाऊस येण्याआधी कोरड्या मातीत धूळपेरणी करणारा शेतकरी सरकी मातीत टाकतो तेव्हा वर ढग नसतो, आणि टाकलेली सरकी परत हाती येणार नसते. तो कपाशीच्या भरवशावर सरकी सोडतो. आप्पा शेतकऱ्याच्या घरात जन्मले आहेत. हा अध्याय त्यांच्यासमोर वाचलात तर कदाचित तेच तुमच्या भावाला तुमच्याहून आणि माझ्याहून चांगला उलगडून सांगतील.

आता हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की अग्नीमुळे पुनरुत्थान अडत नाही म्हणून दफन आणि दहन यांत काहीच फरक नाही असे मी म्हणणार नाही. शास्त्रात देवाच्या लोकांचा रिवाज मातीचाच आहे. सारा वारली तेव्हा अब्राहाम स्वतःला त्या देशात परका आणि उपरी म्हणवत होता, तरी त्याने एफ्रोन हित्तीकडून मकपेलाचे शेत आणि गुहा चारशे शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतली, आणि फुकट देऊ केलेली जागा नाकारून घेतली. योसेफाने आपल्या अस्थी मिसरात राहू नयेत अशी शपथ घातली, आणि पिढ्या उलटल्यावर मोशेने त्या बरोबर नेल्या. याउलट, अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केल्याबद्दल मवाबाचा निषेध आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. तरी याच शास्त्रात याबेश-गिलादच्या शूर माणसांनी शौल आणि त्याच्या पुत्रांचे विटंबना झालेले देह रातोरात उतरवून आणले, जाळले, आणि हाडे झाडाखाली पुरून सात दिवस उपास केला, असेही आहे. आणि त्याबद्दल दाविदाने त्यांना आशीर्वाद दिला. म्हणजे देह कोणत्या हेतूने आणि कोणत्या आदराने हाताळला, याकडे शास्त्राचे लक्ष आहे. आणि सर्वांत शेवटी आपल्या प्रभूचा देह आहे, जो अरिमथाईकर योसेफाने मागून घेतला, ज्यासाठी निकदेमाने गंधरस आणि अगरू आणले, आणि जो तागाच्या वस्त्रांत गुंडाळून थडग्यात ठेवला गेला. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी रोमी दहनाची रीत सोडून मातीची रीत धरली ती या थडग्याकडे पाहून. माझ्या मनाचा कल याच कारणाने दफनाकडे आहे, आणि तो मी तुमच्यापासून लपवत नाही. ज्या देहाला बाप्तिस्म्याचे पाणी लागले, ज्या हातांनी प्रभुभोजन घेतले, तो देह आपण मोडत नाही, झोपवतो, ही भाषा मला प्रिय आहे.

मावशींचे म्हणणेही नीट समजून घ्या, कारण त्यात अर्धे बरोबर आहे. कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये दहनाला मनाई केली, ती मुख्यतः त्या काळी युरोपात दहनाचा पुरस्कार करणाऱ्या काही मंडळींनी त्याला पुनरुत्थानाच्या विश्वासाविरुद्धचे निशाण बनवले होते म्हणून. १९६३ मध्ये ती मनाई उठली. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात दफनाची मनापासून शिफारस आहे, पण ख्रिस्ती शिकवणुकीविरुद्धच्या कारणाने निवडलेले नसेल तर दहनाला बंदी नाही. २०१६ मध्ये रोमने आणखी स्पष्ट केले की राख पवित्र जागी, म्हणजे दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या ठिकाणी ठेवावी. ती हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात विखरू नये, घरी ठेवू नये, नातेवाइकांत वाटून घेऊ नये. २०२३ मध्ये अगदी थोडा भाग एखाद्या अर्थपूर्ण ठिकाणी ठेवण्यापुरती सवलत मिळाली. आप्पांची मंडळी प्रॉटेस्टंट असल्याने हे नियम त्यांना बांधत नाहीत. पण त्यामागचा विचार, की मेलेल्या माणसाचे नाव आणि ठिकाण पुसले जाऊ नये, हा सर्वांनीच ऐकण्यासारखा आहे, आणि तुमच्या आईने न शिकता, न वाचता तोच विचार एका वाक्यात सांगितला आहे.

"मग मी जाऊन बसू कुठे?" तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा या वाक्यापाशी थांबलो. आईचे आईवडील भुसावळच्याच दफनभूमीत आहेत. दर वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्या मेणबत्ती आणि झेंडूची फुले घेऊन तिथे गेल्या असतील, आणि पूर्वी आप्पाही त्यांच्याबरोबर जात असतील. मागे राहणाऱ्या स्त्रीला बसायला जागा लागते. मेलेल्या लाजाराची बहीण मार्था हिला "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" असे सांगणारा प्रभू, थोड्याच वेळात लाजाराला उठवणार हे ठाऊक असतानाही, त्याच्या थडग्याकडे जाताना रडला. रडण्याला जागा लागते हे त्याने मानले. म्हणून आईंचे मौन ही संमती समजू नका. नवऱ्याची इच्छा आहे म्हणून त्या विरोध करणार नाहीत. आमच्या भागातल्या त्या वयाच्या बायका करत नाहीत. पण एकदा देह गेला आणि राख दुसऱ्याच्या शेतात गेली की त्यांचे ते वाक्य पुढची सगळी वर्षे तुमच्या कानांत राहील.

आता आप्पांकडे येतो. त्यांनी जे शब्द वापरले ते तुम्ही अहिराणीत जसेच्या तसे लिहिलेत, याबद्दल मी तुमचा आभारी आहे, कारण सगळा उलगडा त्यांतच आहे. "कोन्हाले तरास नको." त्या वाक्यात विश्वास सोडल्याचा शब्द नाही आणि भावांच्या रीतीकडे परत जायचे आहे असाही नाही. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही त्या श्रावणातल्या दफनाचा उल्लेख केला आहे. ताई, त्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा.

मी असे दफन चालवले आहे. तापीकाठच्या एका गावात, भाद्रपदात, रात्रभर पाऊस झाल्यावर. आपली काळी, कपाशीची जमीन पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिला पाणी लवकर सोडवत नाही. सकाळी खणलेल्या खड्ड्याच्या कडा दुपारपर्यंत आत ढासळल्या होत्या. तरुणांनी बादल्यांनी पाणी उपसले, पण पेटी खाली उतरवली तेव्हा ती एका बाजूने उचलली गेली, आणि मृताच्या आईने ते पाहिले. मी वचने वाचत राहिलो, आवाज मोठा केला, पण त्या क्षणी कोणी ऐकत नव्हते. त्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी नंतर मला एकांतात सांगितले की आमचे असे करू नका. आदल्या दिवशी जागा पाहून यायला हवी होती. पावसाळ्यात खणायची कबर कुठे आणि कशी असावी याचा विचार मी केला नव्हता. तो माझा दोष होता आणि त्याची खंत मला अजून आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की या पावसाआधी तुम्ही भुसावळला या, आणि आप्पांना विचारा: "आप्पा, त्या दिवशी काय पाहिले?" त्यांना बोलू द्या. कबरीतले पाणी, मुलाच्या डोक्यावर पडणारा खर्च, पावसात उभे राहणारे लोक, महाग पेटी, अशी कारणे निघाली तर त्या प्रत्येकाला उत्तर आहे, आणि ते आप्पांना मोकळेपणाने सांगता येईल.

ती उत्तरे अशी आहेत. दफनभूमीत उंचवट्याची, मुरमाची बाजू कोणती हे तिथल्या खणणाऱ्याला नेमके माहीत असते. भावाने पंच कमिटीशी बोलून ती जागा आताच पाहून ठेवावी. पावसाळ्यात कबर आदल्या रात्री न खणता विधीच्या आधी काही तासांत खणावी, वर ताडपत्री धरावी, भोवती चर काढून वरचे पाणी बाहेर वळवावे, तळाशी मुरूम किंवा वाळूचा थर द्यावा, आणि पाणी उपसायची मोटार हाताशी ठेवावी. काळी माती बसायला वेळ घेते, म्हणून पक्का ओटा निदान एक पावसाळा उलटल्याशिवाय बांधू नये, नाहीतर त्याला तडे जातात आणि पुन्हा खर्च येतो. सनमायका लावलेली, पितळी कड्यांची पेटी ही शास्त्राची अट नाही. साध्या लाकडाची पेटी किंवा नुसते स्वच्छ पांढरे कापड पुरेसे आहे. प्रभूला पेटी नव्हती. साधे लाकूड आणि कापड मातीत लवकर मिसळते, आणि त्यामुळे पुढे त्याच कबरीत कुटुंबातल्या दुसऱ्याला जागा देता येते. जुनी कबर उघडणे हे पाप आहे असे आपल्याकडे अनेकांना वाटते, पण प्रभूच्या काळात यरुशलेमेत मृतांच्या अस्थी काही काळाने गोळा करून दगडी पेट्यांत ठेवत आणि तीच जागा कुटुंबातल्या पुढच्यांसाठी वापरत. मुंबईतल्या दाट वस्तीच्या दफनभूमींतही काही वर्षांनी अस्थी काढून वेगळ्या कोनाड्यात ठेवण्याची पद्धत आहे. तेव्हा आईंच्या आईवडिलांच्या कबरीत किंवा तिला लागून आप्पांना आणि पुढे आईंना जागा मिळेल का, हे चौकशी करण्यासारखे आहे. जुनी कबर नियमाने किती वर्षांनी उघडता येते हे त्या दफनभूमीच्या नोंदवहीवरून कळेल.

हे सर्व ऐकूनही आप्पा म्हणाले की मला अग्नीच हवा, आणि तो का हवा हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले, तर त्यांची इच्छा पाळा. घाबरून नको, अपराधी मनाने नको. फक्त त्यांना एक विनंती करा, की राख निंबाखाली न टाकता एका लहान मातीच्या भांड्यात भुसावळच्या दफनभूमीत, आईंच्या आईवडिलांजवळ पुरू द्यावी. बांधावरचा निंब त्यांच्या बालपणाचा आहे, त्याची ओढ मी समजू शकतो, आणि त्यात पाप काही नाही. पण शेताचा बांध हा माणसांच्या वाटण्यांबरोबर सरकतो. उद्या शेत विकले गेले, निंब तोडला गेला, किंवा भाऊबंदकीत कोणाचे बिनसले, तर आईंना नवऱ्याच्या राखेजवळ बसायला दुसऱ्याची परवानगी मागावी लागेल. हे आप्पांना सांगितले तर ते ऐकतील असे मला वाटते, कारण त्रास नको म्हणणारा माणूस आपल्या बायकोला असा त्रास देणार नाही.

स्मशानात पाळक येणार नाहीत असे सांगणाऱ्या वडीलजनांना मी दोष देत नाही. त्यांनी आपल्या समजुतीने सांगितले. पण ते पाळकांच्या वतीने बोलले की स्वतःच्या, हे तुम्हाला माहीत नाही. प्रत्यक्ष पाळकांना भेटा, आप्पांची इच्छा त्यांच्यासमोर ठेवा, आणि दहन झाले तर घरी उपासना, स्मशानात प्रार्थना आणि राख पुरताना विधी यांतले ते काय करतील हे आधीच विचारा. एखाद्या मंडळीचा नियम कडक असू शकतो, आणि तो मान्य नसला तरी तो आधी कळणे बरे. देह दारात असताना हा वाद होऊ देऊ नका.

काकांच्या बाबतीत मी थोडे अधिक सांगतो, कारण खानदेशात आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांची ही गोष्ट आहे आणि तिच्यावर फारसे बोलले जात नाही. आप्पांनी प्रभूला स्वीकारले, पण भावांचा भाऊ राहणे सोडले नाही. हे त्यांनी आयुष्यभर निभावलेले काम आहे, आणि शेवटच्या दिवशी ते मोडू नये. आत्म्याच्या गतीसाठी करायचे विधी आपण करत नाही, कारण आत्मा देवाकडे परत जातो आणि त्याची काळजी तो घेतो, असा आपला विश्वास आहे. दशक्रिया आणि गंधमुक्ती भुसावळला होणार नाही, आणि आप्पांच्या नावाने तुम्ही ती गावी करवणार नाही, हे काकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ते फोनवर सांगू नका, आणि मयताच्या दिवशी तर मुळीच नको. भावाला घेऊन गावी जा, काकांच्या ओसरीवर बसा, आणि आप्पा जिवंत असताना, शक्य झाल्यास त्यांच्याच तोंडून, हे सांगू द्या. त्याबरोबर काकांना काय करता येईल हेही सांगा: खांदा त्यांचाच, आणि पहिली मूठमाती त्यांचीच. मूठमाती हा शब्द सगळ्या मराठी मुलखाचा आहे, त्याला धर्म विचारावा लागत नाही. शिवाय गावाकडच्या लोकांना दफन परके वाटेल असे समजू नका. आपल्या भागात महानुभाव आहेत, लिंगायत वाणी आहेत, त्यांच्यात मातीच देतात. हिंदू घरांतूनही तान्ह्या बाळाला पुरतात. तुमच्या काकांनी अशा मातीला अनेकदा हजेरी लावलेली असेल.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या घराला लागू नसली तरी या सदराचे इतर वाचक वाचतील म्हणून लिहितो. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात दफनभूमी आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याशी आणि नवापूर, अक्कलकुवा भागातल्या लहान वस्त्यांतल्या विश्वासणाऱ्यांनी आपल्या गावात मातीसाठी जागा नक्की आहे का, हे मरण येण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून लेखी घ्यावे. छत्तीसगडमध्ये एका पाळकांचा देह जागेच्या वादामुळे कित्येक दिवस शवागारात राहिला, आणि २७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्या प्रकरणात एकमत झाले नाही. अखेर गावापासून दूर, ख्रिस्ती लोकांसाठी ठरलेल्या जागी दफन करण्याचा आदेश झाला. अब्राहामाने गावच्या वेशीत, सर्वांसमक्ष, मोल देऊन जागा पक्की केली होती, ती यासाठीच.

डोळ्यांविषयी विचारलेत. अवश्य द्या. त्याने दफनालाही अडथळा येत नाही आणि दहनालाही नाही, आणि चेहरा विद्रूप होत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक आताच भिंतीवर लिहून ठेवा. त्या वेळी पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओल्या कापसाचा बोळा ठेवा, डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करा, आणि लगेच फोन करा. घरच्यांची संमती लागते, तेव्हा आईंना आणि भावाला हे आधी माहीत असू द्या. मार्थाला प्रभूने "तुझा भाऊ उठेल" असे सांगितले, त्यात डोळ्यांची अट नव्हती.

आप्पांशी बोलणे झाले की जे ठरेल ते एका साध्या कागदावर त्यांच्या शब्दांत लिहा, तारीख घाला, त्यांची सही किंवा अंगठा घ्या, आणि एक प्रत पाळकांकडे, एक भावाकडे ठेवा. हे मृत्युपत्रात लिहून ठेवू नका. ते बहुधा माती झाल्यानंतर उघडले जाते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, आणि घरी मृत्यू आल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचा दाखला लागतो, एवढे भावाने लक्षात ठेवावे. तुम्हाला पुण्याहून यायला रात्र लागू शकते आणि भुसावळचा उन्हाळा तुम्ही जाणता, तेव्हा शीतपेटी कोणाकडे मिळते हेही त्याला विचारून ठेवायला सांगा.

आजारी माणसासमोर मरणाचे बोलणे अशुभ आहे असे तुम्हाला कोणी सांगेल. आप्पांनी तुम्हाला एकटीला जवळ बसवून हा विषय स्वतः काढला आहे, म्हणजे दार त्यांनी उघडले आहे. तुम्ही फक्त आत जायचे आहे. पहिल्या दिवशी ते थकले तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. आईंना त्या बोलण्याला बसवाच, आणि त्यांचे वाक्य तुम्ही त्यांच्या वतीने सांगू नका, त्यांना स्वतः म्हणू द्या. विधीच्या वेळी कोणते गीत म्हणायचे आणि कोणते वचन वाचायचे हेही आप्पांना विचारा. आणि पाळकांना आधीच विनंती करून ठेवा, की त्या दिवशी गावाहून आलेल्या काकांना आणि भाऊबंदांना कळेल अशी एक प्रार्थना अहिराणीत व्हावी. पाळकांना अहिराणी येत नसेल तर ती तुमच्या भावाने करावी.

प्रभूमध्ये तुमचा,
सदरलेखक